सरकारी डोळा

याकोबदादा उपासनेला बसायच्या आधी चांगला डोळा बांधून घ्यायचे.

वाचताना चूक झाल्यासारखं वाटेल, म्हणून पुन्हा सांगतो. चांगला डोळा. त्यांचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला होता. त्यात फूल पडलं होतं, उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं. उजवा मात्र घारीचा. दर आयतवारी लातूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर ते वहाणा काढायचे, डोक्याचा खाकी पटका सोडायचे, तोच उजव्या डोळ्यावरून घेऊन मागे गाठ मारायचे, आणि फूल पडलेला डोळा सताड उघडा ठेवून पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. वाटेत एकदाही कुणाच्या पायावर पाय पडायचा नाही.

नवीन माणूस हमखास विचारायचा. उत्तर ठरलेलं होतं.

"उजवा सरकारी हाय. सहा दिवस निजाम सरकारची चाकरी करतो. आयतवारी त्याला रुखसत."

"आणि डावा?"

"डावा देवाचा. त्यानं दुनियेत काय बी पाह्यलेलं न्हाई. म्हणून इमानदार हाय."

ते डाकेचे हरकारे होते. कमरेला पितळी बिल्ला, हातात घुंगरं बांधलेला भाला, पाठीवर टपालाची थैली. लातूरहून शिरूर अनंतपाळच्या रस्त्याने निम्म्यापर्यंत धावत जायचं, तिथे तिकडच्या हरकाऱ्याच्या हाती थैली द्यायची, त्याची घ्यायची आणि परत. तीस वर्षं हेच. लग्न केलं नव्हतं. "रोज निम्म्या वाटंतून माघारी फिरणाऱ्याला कोण पोरगी देईल?" असं स्वतःच सांगून हसायचे.

त्यामुळे सगळं जग त्यांना टपालातलं दिसायचं. तीन-चार महिन्यांतून एकदा पाद्रीसाहेब घोड्यावरून यायचे आणि उभ्या उभ्या लांबलचक प्रार्थना करायचे. "साहेबाचा कागद पत्ता लिहिण्यातच सरला बघा," दादा बाहेर येऊन म्हणायचे. सरकी विकणारे आमचे लाजरसभाऊ फक्त आपल्या बैलांसाठी आणि आपल्या गुडघ्यासाठी प्रार्थना करत. त्यावर दादांचा निकाल असे, "बैरंग! बिगर तिकिटाचं टपाल हाय ते. देवालाच भुर्दंड."

"दादा, फुलाच्या डोळ्याला दिसतं तरी काय हो?" लाजरसभाऊ टोमणा मारत.

"चांगल्याला आलेले दिसतेत," दादा म्हणत. "ह्याला न आलेले."

आणि खरंच, उपासना संपली की ते न आलेल्यांच्या दारात जाऊन उभे राहत. "काय हो, आज तुमची थैली उतरली न्हाई?" एवढंच विचारत आणि चालू लागत.

उपासनेच्या शेवटची प्रार्थना म्हणायचा मान त्यांचा होता, आणि खरी गंमत तिथेच होती. दादा ख्रिस्ती झाले ते मोठेपणी. त्याआधी सरकारी मदरशात दोन इयत्ता शिकलेले, तेही उर्दूत. मराठी बोलायचे, पण मराठी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी सगळी मराठी उपासना उर्दू अक्षरांत एका वहीत उतरवून घेतली होती. वही अर्थातच उजवीकडून उघडायची. ती शनिवारी सरकारी डोळ्याने पाठ करायची आणि आयतवारी, तो डोळा बांधून, समोर उघडी धरून म्हणायची. अनोळखी माणसाला दिसायचं ते असं: डोळा बांधलेला एक म्हातारा उलट्या बाजूने उघडलेलं पुस्तक आंधळ्या डोळ्याने वाचतो आहे.

उर्दूत 'ळ' नाही. घरी दादा आपल्यासारखंच 'डोळे' म्हणायचे, पण देवळात 'आंधल्याचे डोले उघड' म्हणायचे. उर्दूत कृपा लिहिली की तिचा 'करपा' वाचता येतो. "तुझा करपा आमच्यावर राहो," असं ते गंभीरपणे म्हणाले की मागे बसलेल्या एखाद्या बाईला चुलीवरचं आठवून ती चुळबुळ करायची. सांगून पाहिलं होतं पुष्कळांनी. दादा म्हणत, "कागदात हाय ते पोचवायचं. हरकाऱ्यानं थैलीत हात घालायचा नसतो."

सगळ्यात मोठा हशा शेवटच्या वाक्याला व्हायचा. तिथे म्हणायचं होतं, देवाने आपला एकुलता एक पुत्र आमच्यासाठी देऊन टाकला. दादा म्हणायचे, "देवानं आपला एकुलता एक पत्र आमच्यासाठी देऊन टाकला."

पत्र! हरकाऱ्याच्या तोंडी! लाजरसभाऊ तोंडात उपरण्याचा बोळा कोंबायचे.

आता माझ्याविषयी. टाळत होतो, पण माझ्याशिवाय हे पुढे सरकत नाही.

मी नगरकडून इंग्रजी मुलखातून आलेला, मिशनच्या शाळेचा मास्तर. माझं मराठी शुद्ध होतं आणि त्याहून शुद्ध कुणाचं नाही याची मला खात्री होती. शाळेला सरकारी मान्यता हवी म्हणून दोन वर्षं मौलवीसाहेबांकडे उर्दूही गिरवली होती. त्यामुळे दादांची चूक कुठे होते ते मला बरोबर ठाऊक होतं. पुत्र आणि पत्र उर्दूत सारखेच दिसतात. फरक दाखवायला पहिल्या अक्षरावर एक बारीक आकडी काढावी लागते, तिला 'पेश' म्हणतात. ती सहसा कोणी काढत नाही. दादांनीही काढली नसणार, हे मी वही न बघताच ठरवलं होतं.

त्या खेपेला पाद्रीसाहेब आले होते. दादांचं शेवटचं वाक्य झालं. नेहमीसारखी खसखस पिकली. आणि मी उभा राहिलो.

"दादा," मी म्हणालो, "तिथे पुत्र आहे. पत्र नव्हे. देवाने टपाल पाठवलेलं नाही."

देऊळ हसलं. पाद्रीसाहेबही हसले. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

दादांनी फूल पडलेला डोळा माझ्याकडे वळवला. "कागदात हाय ते म्हणलो, मास्तर."

"मग कागद चुकलाय."

"असंल," ते म्हणाले.

उपासनेनंतर पाद्रीसाहेबांनी ठरवलं की यापुढे शेवटची प्रार्थना मास्तरांनी म्हणावी, आणि दादांची वही तपासून नीट मराठीत उतरवून घ्यावी. दादांनी वही दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली, थैली दिल्यासारखी. "सही नको का?" मी थट्टेने विचारलं. ते हसले नाहीत.

पुढच्या आयतवारी मी प्रार्थना म्हटली. शेवटच्या वाक्याला जरा थांबून, 'पुत्र' या शब्दावर चांगला जोर देऊन म्हटली. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत सोनाबाई बसायच्या. त्या उठल्या, पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेल्या. म्हातारी आहे, भोवळ आली असेल, असं मला वाटलं. त्याच्या पुढच्या आयतवारी त्या तशाच उठल्या. तिसऱ्या आयतवारी आल्या नाहीत.

चौथ्या आयतवारी याकोबदादाही आले नाहीत.

"रुसला म्हातारा," लाजरसभाऊ म्हणाले. मीही तेच म्हणालो. पाद्रीसाहेबांना पत्र लिहिलं त्यातही तेच लिहिलं.

वही महिनाभर माझ्या शाळेच्या पेटीत पडून होती. एका दुपारी, मुलं घरी गेल्यावर, मी ती उतरवायला घेतली. ओळीमागून ओळ. 'करपा' सापडला, 'आंधला' सापडला. शेवटच्या पानावर आलो. पुत्र हा शब्द होता. आणि त्यावर पेश होता.

बारीक नव्हता. ठळक, दोनदा शाई फिरवून काढलेला. सबंध वहीत तेवढ्या एकाच शब्दावर पेश दिलेला होता, चूक होऊ नये म्हणून.

म्हणजे कागद बरोबर होता. हरकाऱ्याने थैलीत हात घातला होता.

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं; ती लातूरचीच. मला वाटलं तिला नवल वाटेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमाला आत्ता कळलं व्हय?"

"काय?"

"सोनाबाईचं पोरगं नव्हतं का कापसाच्या जिनात कामाला? एकुलतं एक. तापानं गेलं. तुमी लातूरला यायच्या आधीची गोष्ट. तवापासून त्यो शबुद आला की बाईला बसवंना. उठून जायच्या. दोन-तीन आयतवार तसं झालं, आन् मग दादांनी पत्र म्हणायला सुरवात केली. आमा सगळ्या बायांना ठावं हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं? सगळे हसत होते त्यात तुमी बी." मग तिने भाकरी उलटली. "बापेच हसायचे. एक बी बाई हसत नव्हती, एवढं बी दिसलं न्हाई तुमाला?"

दिसलं नव्हतं. मी त्या देवळात तीन वर्षं दोन्ही डोळे उघडे ठेवून बसत होतो.

त्यानंतरच्या आयतवारी उपासना आटोपून मी सोनाबाईंच्या घराकडे गेलो. गावाबाहेर, जिनाच्या मागे त्यांचं खोपट. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं आणि चार वेळा बदललं. दार उघडं होतं. आतून दादांचा आवाज येत होता. आमची उपासना संपली होती, त्यांची चालू होती.

मी कुडाच्या आडोशाला उभा राहिलो. दादा शेवटच्या वाक्याशी आले. "देवानं आपला एकुलता एक..." म्हणाले आणि अडकले. पुढचा शब्द येईना. इतकी वर्षं जो शब्द खोटा म्हटला होता तो आता माझ्यामुळे तसाही म्हणता येत नव्हता, आणि खरा म्हणवत नव्हता.

"म्हना दादा," सोनाबाईंचा आवाज आला. "पुत्र म्हना."

"नगं बाई."

"म्हना. त्याचा बी गेला, माजा बी गेला. त्याला कळंल न्हवं माजं? इतके दिस मला वाटायचं, देवाला काय ठावं. आता वाटतंय त्यालाच ठावं हाय."

मग सोनाबाईंनीच ते वाक्य म्हटलं, सावकाश, सबंध. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. तो सोनाबाईंचा नव्हता.

मी परत फिरणार तेवढ्यात पायाखाली कडबा वाजला.

"कोन हाय?" सोनाबाईंनी विचारलं.

"मास्तर हायेत," दादा म्हणाले. "मास्तर, उन्हात का? आत या."

मी दारात गेलो. आत अंधार होता. डोळे सरावल्यावर दिसलं, जमिनीवर तीन गोणपाटं अंथरली होती. एकावर सोनाबाई, एकावर डोळा बांधलेले दादा. तिसरं रिकामं होतं, झटकून, कोपरे नीट ओढून अंथरलेलं.

"दर आयतवारी टाकाया लावतेत," सोनाबाई हसून म्हणाल्या. "मी म्हनते, कुनाला वो? म्हनतेत, मास्तर यायचेत अजून."

दोघंही माझ्यासाठी सरकून बसले. मला फक्त उंबरा ओलांडायचा होता. माफ करा म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं बसायचं होतं. पण बसलो असतो तर दादा जाणूनबुजून पत्र म्हणत होते आणि चूक माझी होती, हे पुढच्या आयतवारी देवळात उभं राहून सांगावं लागलं असतं, लाजरसभाऊंसमोर, पाद्रीसाहेबांसमोर. शेवटच्या प्रार्थनेचा मान परत द्यावा लागला असता.

"नाही, बसत नाही," मी म्हणालो. "शाळेत काम पडलंय."

"बरं," दादा म्हणाले. "काम आधी करावं."

तो मान मी पुढे सात वर्षं ठेवला. मग नांदेडला बदली झाली. तिथे एका बाजारच्या दिवशी लातूरच्या माणसाकडून कळलं की दादा गेले, त्यांच्यामागे सोनाबाईही. मी बायकोला सांगितलं. बाकी कुणाला काही सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं.

त्या आयतवारी खोपटापासून मी जिनापर्यंत झपाझप चालत गेलो, खरंच घाई असल्यासारखा. मागे वळून पाहिलं तर दादा दारात येऊन उभे होते, मी दिसेनासा होईपर्यंत हात वर करून. आयतवारी शाळा नसते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.