निरंक बटाटा

पाळणाघराच्या आहार समितीने डब्यांची तपासणी सुरू केली, तेव्हा ढमीच्या डब्यात एक भाजलेला बटाटा सापडला. ढमी हे लाडाचं नाव. पोर म्हणजे नुसती काडी. तापातून उठल्यापासून तिने अन्नाशी जणू कट्टी घेतली होती. चालायचा तो फक्त सालासकट भाजलेला, आईने फुंकर घालून निववलेला बटाटा.

समितीने तो टेबलावर ठेवला. शेजारी टोमॅटो सॉसची बाटली ठेवली, कारण समितीच्या लेखी मान्यताप्राप्त भाजी तीच होती. रीतसर तुलना झाली. बाटलीच्या पाठीवर पोषणमूल्यं छापलेली होती, ती उतरवून घेतली. बटाटा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. छापील मजकूर आढळला नाही. सबब प्रथिने निरंक, तंतू निरंक, जीवनसत्त्वे निरंक.

आईला बोलावणं आलं. कामावरून अर्धी रजा टाकून ती आली आणि जीव तोडून सांगू लागली, की सालीत तंतू असतात, बटाट्याने पोट भरतं, आणि सॉसमध्ये मीठ-साखरच फार. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमच्या भावना पोचल्या. पण हे बटाट्यावर लिहिलंय कुठे?"

दुसऱ्या दिवशी आईने पुस्तकातले आकडे चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठी बटाट्याला चिकटवली. समितीने उत्पादकाचं नाव विचारलं. ती म्हणाली, शेतकरी. कोणता, ते तिला सांगता येईना. बटाटा जप्त झाला, आता बनावट लेबलाच्या आरोपाखाली.

दरम्यान कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाटलीवरचे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत. चमचाभर सॉसने मुलांचं कुपोषण होईल. म्हणून प्रत्येकाला वाटीभर सॉस सुरू झाला. ढमी वाटीकडे बघून ओठ घट्ट मिटायची. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला.

शेवटी पालकसभा भरली. सॉस अधिक पौष्टिक आहे हे मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत, इतरांनी मुलांची अन्यत्र सोय पाहावी, असं अध्यक्षांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं. हात भराभर वर गेले. ढमीच्या आईने आजूबाजूला पाहिलं. घरी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, नोकरी होती. तुम्ही शेजारच्या खुर्चीत असतात, तर तुमचाही हात तिला वरच दिसला असता. तिनेही केला. दारात ढमी उभी होती.

वाटेत ढमीने विचारलं, "आई, तू हात का वर केलास?"

"सगळ्यांनी केला म्हणून गं."

ढमीने शहाण्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या संध्याकाळी पाळणाघराच्या ताईंनी कौतुकाने सांगितलं, की आज पोरीने अख्खी वाटी चाटूनपुसून संपवली. आईने तिला उचलून घेतलं. गालाला सॉस वाळला होता, अंग गरम लागत होतं.

"आवडला का माझ्या राणीला?"

"शी," ढमी म्हणाली. "सगळे खात होते म्हणून."