आठवी पायरी आणि वेलची केळी

गोखिवऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये सापासारख्या दिसणाऱ्या वस्तू एकूण चौदा होत्या. वॉशिंग मशीनचा पाइप एक, गॅसची नळी एक, एक्स्टेन्शनच्या वायरी तीन, मोबाइलचे चार्जर चार, कमरेचे पट्टे दोन, शिवणाची टेप एक, बाथरूममधला हँडशॉवर एक आणि योगासनांच्या वर्गाची दोरी एक. पडवळ या यादीत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण पडवळाने अजून या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही.

ही मोजणी चंद्रहासरावांची. वहीत, तारीख घालून! एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस तो. मोजल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही.

"एकवीस दिवस!" त्यांनी जाहीर केलं. "एकवीस दिवसांत मायलेकी दोघींची भीती घालवून दाखवतो. अरे, मी राजापूरचा! आमच्या घरी कौलांत नाग राहायचे. आम्ही खाली पत्ते खेळत असायचो!"

"पत्ते नंतर," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आधी तो चार्जर उचला." त्या खुर्चीवर उभ्या होत्या, कारण चार्जर जमिनीवर वेटोळं घालून पडला होता.

हे सगळं उपटलं ते त्यांच्या लेकीमुळे, ऋतिकामुळे. सापाला घाबरणाऱ्या मुलीने संशोधनाला जायचंच तर आइसलँडला जावं. ही गेली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडला, आणि विषय घेतला उसाच्या मळ्यातली माती! तिथे ऊस आणि साप एकमेकांना धरूनच राहतात. चार महिने ती प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांनी खणून आणलेली माती तपासत होती. खोलीच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून झोपत होती. एकदा शेजाऱ्याने बागेत पाण्याचा पाइप सोडला, तर ही अकरा मिनिटं कचऱ्याच्या डब्यावर उभी! शेवटी तिच्या मार्गदर्शक बाईंनी प्रेमानेच पण स्पष्ट सांगितलं: तीन आठवड्यांनी सोमवारी मळ्यात उतरायचं. नाही जमलं तर विषय दुसऱ्या विद्यार्थ्याला जाईल.

विद्यापीठाच्या समुपदेशकाने तिला नऊ पायऱ्या लिहून दिल्या. पहिलीला नुसता 'साप' हा शब्द उच्चारायचा. मग वाचायचा, मग चित्र, फोटो, व्हिडिओ बिनआवाजाचा, व्हिडिओ आवाजासकट, मग रबरी साप हातात घ्यायचा. आठवीला खरा साप दहा फुटांवरून बघायचा. आणि नववीला तो राहतो तिथे जायचं. अट एकच. कोणीतरी साथीदार प्रत्येक पायरी सोबत चढत गेला पाहिजे.

"मी चढते," सुहासिनीबाई म्हणाल्या.

चंद्रहासरावांनी वहीतून मान वर केली. कारण या बाईंनी सत्तावन्न वर्षांत तो शब्द तोंडातून काढला नव्हता. 'लांबडं' म्हणायच्या, फार तर 'ते' म्हणायच्या. तीस वर्षं त्या पहिलीच्या वर्गाला शिकवत होत्या. तक्त्यावर स सशाचा होता म्हणून आपली नोकरी टिकली, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"अगं, तू कशाला?" चंद्रहासराव म्हणाले. "मी आहे ना!"

"तुम्हाला भीती कुठाय? तुम्ही कौलांतले. ही भीती तिला मी दिलीय. चार वर्षांची होती. उमेळ्याला, जुलियानाच्या वाडीत. दोरीचा तुकडा उचलून मला दाखवायला आणला पोरीने. मी अशी किंचाळले, की ती दोन दिवस बोलली नाही. मी दिलेलं मलाच परत घ्यायला हवं ना?"

चंद्रहासरावांनी हे वहीत लिहिलं नाही.

पहिल्या पायरीलाच चार दिवस लागले. रोज सकाळी व्हिडिओ कॉल. तिकडे ऋतिका, इकडे आई, मध्ये वही घेऊन परीक्षक.

"म्हण. सा..."

"सा..."

"हं, पुढे!"

"...साबण संपलाय का हो?"

चौथ्या दिवशी दोघींनी डोळे मिटले, एक-दोन-तीन म्हटलं आणि एकदम ओरडल्या, "साप!" इतक्या जोरात, की खालचा वॉचमन काठी घेऊन तीन मजले चढून वर आला. त्याच्या मागून तळमजल्यावरचे दोघे, त्यांच्या मागून झाडूवाली. चहा सगळ्यांना करावा लागला.

सातव्या पायरीसाठी चंद्रहासरावांनी स्टेशनजवळून हिरवा रबरी साप आणला. सुहासिनीबाईंनी तो पहिल्या दिवशी चिमट्याने धरला, दुसऱ्या दिवशी हाताने धरला आणि लगेच त्याच हाताने गॅलरीतून खाली फेकला. संध्याकाळी फलकावर सोसायटीची सूचना लागली: 'सभासदांनी रबरी प्राणी गॅलरीतून टाकू नयेत.' तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी तो मांडीवर घेतला आणि तशाच बसून मटार सोलले! तिकडे ऋतिकाने आपला रबरी साप गळ्यात घातला. एकोणीस दिवसांत सात पायऱ्या. चंद्रहासरावांची छाती दोन इंच फुगली. मोजली नाही, पण फुगली.

आता आठवी. शनिवार उजाडला होता आणि सोमवार दोन दिवसांवर आला होता.

जुलियाना म्हणजे सुहासिनीबाईंच्या शाळेतली जुनी सहकारी. उमेळ्याला तिची केळीची वाडी आहे. तिचा मुलगा जेन्सन परवानाधारक सर्पमित्र. त्या सकाळी त्याने नायगावच्या एका टॉवरच्या पार्किंगमधून धामण पकडली होती आणि ती दुपारी खाडीकडच्या झुडपांत सोडायची होती.

"धामण बिनविषारी असते, टीचर," जेन्सन म्हणाला. तो सुहासिनीबाईंच्या हाताखालून शिकलेला. "उंदीर खाते फक्त. आमच्या वाडीत तर आम्ही तिला हाकलत पण नाही."

धामण एका फुलाफुलांच्या कापडी पिशवीत होती. तोंड घट्ट बांधलेलं. जुलियानाने घरचे जुने पडदे फाडून डझनभर पिशव्या शिवल्या होत्या. काही मुलाच्या सापांसाठी, काही भाजीसाठी. कापड एकच, शिवण एकच, नाडीसुद्धा एकच.

चंद्रहासरावांनी टेप काढून ओटीवर दहा फूट मोजले, खडूने रेघ मारली. सुहासिनीबाई रेघेवर उभ्या राहिल्या. फोनमधून ऋतिका बघत होती. जेन्सनने गाठीला हात घातला आणि पिशवी जराशी हलली.

"नको!" सुहासिनीबाई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

झालं! पाणी दिलं, सरबत दिलं, समजूत घातली. पण बाई बाहेर येईनात. तेवढ्यात जेन्सनला दुसरा फोन आला, तो पिशवी कोपऱ्यात ठेवून बोलत परसात गेला. जुलियाना आपली वाडीतून केळी काढून पिशवीत घालून घेऊन आली. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायची तिच्याकडे पद्धतच नाही. "सुहास, होतं असं. वेलची केळी दिलीत बघ, ओटीवर ठेवलीत," असं ती निरोप द्यायला आत येऊन म्हणाली. चंद्रहासरावांनी हिरमुसल्या तोंडाने रिक्षा बोलावली, ओटीवरची पिशवी उचलली, हाताने तोलली. "दीड किलो!" म्हणाले आणि केळी दबू नयेत म्हणून बायकोच्या मांडीवर ठेवली.

रिक्षा काळूरामची. खड्डा दिसला की तो आधी त्याला शिवी द्यायचा आणि मग त्यातूनच जायचा. उड्डाणपुलाच्या चढाला चंद्रहासरावांनी लेकीला पुन्हा फोन लावला आणि तो दोघांसमोर धरला.

"राहू दे ना, आई," ऋतिकाचा आवाज बारीक झाला होता. "तुला नाही जमलं, मला कुठून जमणार? मी मॅडमना मेल करते. विषय सोडते."

 सुहासिनीबाई समोर, काळूरामच्या मानेकडे बघत होत्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस," चंद्रहासराव दोघींना समजावू लागले. "भीती हा मनाचा खेळ आहे. आता मला बघ..." आणि चेहरा फोनमध्ये नीट यावा म्हणून त्यांनी कोपर पिशवीवर टेकवलं.

सुहासिनीबाईंनी ते कोपर दोन बोटांनी उचललं आणि बाजूला ठेवलं.

"केळी दबतील? अगं, हलकंच तर टेकलो!"

"रिक्षा वळवायला सांगा."

"का? छत्री राहिली?"

"वळवायला सांगा." आवाज एकदम मऊ. वर्गात एखाद्या पोराने नाकात वाटाणा घातला, की त्या हा आवाज लावायच्या.

काळूरामने पूल उतरून रिक्षा वळवली. फोनमध्ये ऋतिकाचे डोळे मोठे होत गेले. "आई... तुझ्या मांडीवर..."

"मला माहीत आहे, ऋतू. तू फोन ठेवायचा नाहीस. बघत राहायचं."

"ठेवतोय कोण! रेंज मस्त आहे," चंद्रहासराव म्हणाले. "बरं, परत जातोच आहोत तर एखादं केळं तरी काढ. भूक लागली." आणि त्यांनी नाडीला हात घातला.

फाट! एकतीस वर्षांच्या संसारात सुहासिनीबाईंनी नवऱ्याच्या हातावर मारलेली ही पहिली चापट.

"केळ्यासाठी?" ते कळवळून म्हणाले.

उमेळ्याच्या वळणावर समोरून जेन्सनची स्कूटर आली, हॉर्न कोकलत. हँडलला फुलाफुलांची पिशवी, त्यातून वेलची केळ्यांचा घड डोकावत होता. खाडीकाठी पाच फूट मागे उभं राहून, साप धरायच्या आकड्याने, श्वास रोखून त्याने ती केळी मोकळी केली होती!

"अंकल! कधीपासून फोन लावतोय, सारखा बिझी! पिशवी उघडू नका! त्यात धामण आहे!"

"कोणत्या पिशवीत?" चंद्रहासरावांनी विचारलं. मग त्यांनी पिशवीकडे पाहिलं. पिशवीने अंग चोरलं.

पुढच्या काही सेकंदांची वहीत नोंद नाही. चंद्रहासराव रस्त्यापलीकडच्या कठड्यावर सापडले. एक चप्पल रिक्षात, एक चप्पल रस्त्यात, फोन मात्र सीटवर.

"ओ काका, रिक्षा चालू होती ना!" काळूराम ओरडला. मग मागे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही बसा निवांत. जनावर शांत, तुम्ही शांत. काका उतरले ते बरंच झालं."

"टीचर, तुम्हाला कधी कळलं?" जेन्सनने पिशवीकडे हात पुढे केला.

"पुलाच्या चढावर. केळी श्वास घेत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?" कठड्यावरून प्रश्न आला.

"बोलले असते तर तुम्ही पुलावरूनच उडी मारली असतीत. पूल उंच आहे. आणि ऋतू बघत होती. एकदा तिच्यासमोर ओरडले, तेवढं पुरे झालं."

जेन्सन पिशवी घेऊ लागला, पण बाईंनी ती सोडली नाही. त्यांचा ब्लाऊज पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. भीती गेलेल्या बाईचं हे ध्यान नव्हे. पण पिशवी हातात सरळ होती, जराही न हिंदकळता.

"खाडी किती लांब आहे?" त्यांनी विचारलं. "एवढ्या लांब आलोच आहोत, तर आठवी पायरी उरकून टाकू."

रिक्षातून, मांडीवर पिशवी घेऊन, त्या झुडपांपर्यंत गेल्या. चंद्रहासराव जेन्सनच्या स्कूटरवर मागे बसून आले आणि चाळीस फुटांवर उतरले. टेप त्यांनी काळूरामच्या हाती पाठवली. जेन्सनने गाठ सोडली. धामण बाहेर आली, पिवळसर, चकचकीत, संपता संपेना अशी. सुहासिनीबाई दहा फुटांवर उभ्या राहिल्या. मग एक पाऊल पुढे गेल्या, मग आणखी एक.

"साडेसहा फूट!" काळूरामने ओरडून सांगितलं.

धामणीने मान उचलून एकवार बघितलं आणि ती गवताकडे निघाली.

"सावकाश जा," बाई म्हणाल्या. घंटा झाल्यावर पहिलीच्या पोरांना म्हणायच्या, अगदी तस्संच.

फोनमधून ऋतिकाचं रडणं ऐकू येत होतं, का हसणं, ते चाळीस फुटांवरून नीट कळलं नाही. चंद्रहासराव टेप परत घ्यायला आले तेव्हा बायको खाली बसून केळं खात होती. त्यांनी चप्पल घातली, घसा खाकरला आणि विचारलं, "सुहास, तू नेहमीच इतकी धीट... म्हणजे, मला कसं कळलं नाही?"

"तुम्ही टेप लावून बघत होतात," त्या म्हणाल्या आणि त्यांना अर्धं केळं दिलं.

सोमवारी सकाळी साडेआठला क्वीन्सलँडहून संदेश आला. चंद्रहासरावांनी तो जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला:

'मळ्यातला वेळ: चार तास दहा मिनिटं. दिसलेले साप: एक, तपकिरी, अंदाजे आठ मीटरवर. तो जाईपर्यंत स्थिर उभी: सहा मिनिटं. तो दिसण्याआधी घेतलेले मातीचे नमुने: पाच. दिसल्यानंतर घेतलेले: एकोणीस.'