सगळ्या बसची एक भाची

"सीमेवर माणूस गुन्ह्यामुळे अडकत नाही, उत्तर न आल्यामुळे अडकतो!" हे वाक्य सरांनी घरी दोनदा, रिक्षात एकदा आणि बसच्या पायरीवर एक पाय ठेवून पुन्हा एकदा म्हटलं. पायरीवर म्हटलं तेव्हा मागची रांग खोळंबली होती, पण श्रोते मिळाले की सरांना रांग दिसत नसे.

सर म्हणजे क्लासवाले सर. जन्मभर त्यांनी मुलांकडून आदर्श उत्तरं पाठ करून घेतली. त्यांची मुलं एकसारखी पास होत आणि चुकली तर तीही एकसारखीच. एका वर्षी अख्ख्या वर्गाने एकच नदी नेऊन चुकीच्या समुद्रात सोडली होती! सरांनी दोष समुद्राला दिला.

त्यांच्यामागून त्यांची बायको चढली. तिला आपण मावशीच म्हणू, कारण या प्रवासात तिला फक्त मावशी म्हणून पोचायचं होतं. पर्वतापलीकडे धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, उद्या सकाळी. आणि नवरीचा पोशाख मावशीच्या हातातल्या पिशवीत होता. तो तिनेच शिवला होता, उन्हाळाभर, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. पिशवी ती झोपलेलं मूल धरावं तशी दोन्ही हातांवर आडवी धरून बसली. पोशाख पोचला नाही तर नवरी रोजच्या कपड्यांत उभी राहणार होती.

बहिणीच्या स्वतःच्या लग्नाला मावशी पोचली होती, पण खुर्च्या रचून ठेवत होते तेव्हा. त्या वेळी सरांनी वेळापत्रकाचा अभ्यास करून जवळचा रस्ता शोधला होता.

बस घाटाला लागली. वळणं अशी, की ड्रायव्हरला मागच्या सीटा खिडकीतून दिसाव्यात! निम्मी बस डोळे मिटून बसली, उरलेली पोट धरून. अशा केविलवाण्या माणसांना पाहून सरांमधला मास्तर जागा झाला नसता तरच नवल.

"तुम्ही कशासाठी चाललात हो पलीकडे?" त्यांनी शेजारच्या जाड माणसाला विचारलं.

"कुलपं विकायला."

"हे सीमेवरच्या खिडकीत सांगणार?"

"मग काय सांगू? पेट्या भरून कुलपं आहेत वर."

"अहो, कुलूपवाला म्हणजे कुलूप उघडताही येणारा! सरळ आत टाकतील तुम्हाला."

कुलूपवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या सीटवरचा बोळका म्हातारा मागे वळला. "मी दात बसवायला चाललोय. त्याला काही हरकत नसावी ना?"

"म्हणजे आपल्याकडे दातांचा डॉक्टर नाही? देशाची बदनामी करताय!"

म्हाताऱ्याने होतं नव्हतं ते तोंड मिटलं. पलीकडच्या दोन जावा गुडघे दाखवायला चालल्या होत्या. त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण आता दोघी एकाच वेळी बोलल्या, "मग आम्ही काय सांगायचं हो?"

बस्स! सर उठले, वरचा दांडा धरला आणि वर्ग सुरू झाला.

"लग्नाला जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. सगळ्यांनी म्हणायचं, भाचीच्या लग्नाला! उद्या सकाळी लग्न, परवा परत. डावी बाजू, म्हणा!"

"भाचीच्या लग्नाला!" डाव्या बाजूने घोष केला. उजव्या बाजूने त्याहून मोठ्याने केला, कारण तिला हरायचं नव्हतं.

"अहो," मावशी हळूच म्हणाली, "आपण खरंच चाललोय लग्नाला."

"म्हणून तर! खरी माहिती वापरली की उत्तर पक्कं होतं." आणि त्यांनी उपप्रश्नांची तयारी घेतली. नवरा काय करतो? बँकेत. नवरी कशी? उंच, चष्मा लावणारी. हॉल कसा? दोन जिने, मागे विहीर.

"विहिरीला पाणी आहे का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"शाब्बास! हा प्रश्न येऊ शकतो. आहे म्हणा!"

"ओ मास्तर, खाली बसा!" ड्रायव्हर ओरडला. "वळणावर पडलात तर तुमची भाची मला विचारेल!"

मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. आपली खरीखुरी भाची पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत वाटली जाताना तिला दिसत होती. बोलून उपयोग नव्हता. बोलून उपयोग नसण्याची तिला आता सवय होती.

खिंडीत, सीमेवर बस थांबली, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. एक बैठी इमारत, एक खिडकी, पुढे लोखंडी फाटक. फाटक सूर्य मावळला की बंद होई. खिडकीत सर्दीने बेजार झालेला एक अधिकारी बसला होता. सरांनी रांग लावली. हुशार विद्यार्थी पुढे, स्वतः देखरेखीला मागे, आणि बायको त्यांच्याही मागे.

"कशासाठी?" अधिकाऱ्याने नाक पुसत विचारलं.

"भाचीच्या लग्नाला. उद्या सकाळी लग्न, परवा परत," कुलूपवाला एका दमात म्हणाला.

शिक्का बसला. सरांनी मान डोलावली.

"तुम्ही?"

"भाचीच्या लग्नाला. उद्या सकाळी लग्न, परवा परत," थोरली जाऊ म्हणाली.

"आणि तुम्ही?"

धाकट्या जावेनेही तेच सांगितलं, वर घाईघाईत, "नवरा बँकेत."

नाकाकडे चाललेला रुमाल अर्ध्यात थांबला. "मी विचारलं का?"

पुढे पुढे अधिकारी काही विचारेनासाच झाला. नुसता बघत होता आणि समोरून उंच नवरी, चष्मा, दोन जिने आपोआप येत होते. म्हातारा तर खिडकीशी पोचायच्या आधीच लांबून ओरडला, "विहिरीला पाणी आहे!"

अधिकाऱ्याच्या भुवया टोपीत शिरल्या. हे सरांनी पाहिलं. आणि जन्मभर दुसऱ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर पाऊल टाकू न देणारा हा माणूस ऐन वेळी स्वतःच बाहेर पडला!

"कशासाठी?"

"हवापालट!" सर म्हणाले.

"एकटेच?"

"पत्नीसोबत." सरांनी मागे बोट केलं.

आता मावशीची पाळी. ती खोटं बोलली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण तिला खरंच लग्नाला जायचं होतं. "भाचीच्या लग्नाला," ती म्हणाली. "उद्या सकाळी..."

"परवा परत! विहिरीला पाणी!" अधिकारी खुर्चीवरून उठलाच. "नवरा हवापालटाला, बायको लग्नाला? आणि एका नवरीला बसभर मामा-मावश्या? बंद करा रे फाटक! कोणी हलायचं नाही!"

सगळ्यांना आत घेतलं आणि मावशीची पिशवी उघडली गेली. आतून पोशाख निघाला. टेबलावर तो असा झळाळला, की दारातल्या शिपायानेही मान पुढे काढली.

"वा! कट करताना पोशाखही शिवून घेतलात!" अधिकारी म्हणाला.

"मी शिवलाय. घडी मोडू नका हो," मावशी म्हणाली. खिडकीतून तिला सूर्य दिसत होता, डोंगराच्या अगदी जवळ आलेला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारत होता. तिला पुन्हा त्या रचलेल्या खुर्च्या दिसल्या.

"काळजी करू नकोस," सर म्हणाले. "मी समजावतो त्यांना. मुद्देसूद..."

"तुम्ही एक शब्द बोलू नका!"

हे मावशी बोलली. सर दचकले. मावशीही दचकली. पण तोंड उघडलंच होतं, तर तिने अधिकाऱ्याला सांगितलं, "माझ्या बहिणीला फोन लावा. नवरीची आई आहे ती."

फोन लागला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"ताई! पोशाख चुरगळला नाही ना?" पलीकडून आवाज आला.

"मी सीमेवरचा अधिकारी बोलतोय. तुमच्याकडे बसने किती पाहुणे येणार आहेत?"

"बसने? माझी ताई. आणि आणलेच असतील तर भावोजी."

"हे भावोजी दिसायला कसे?"

"दिसण्यासारखं काही नाही हो. तिथे कोणी कोणाला काही शिकवत असेल, तर तेच ते."

अधिकाऱ्याने मान वळवली. कोपऱ्यात सर शिपायाला शिक्का कसा धरावा ते दाखवत होते.

मग सगळा वर्ग पुन्हा खिडकीवर उभा राहिला आणि या वेळी खरं बोलला. दात! गुडघे! गुडघे! कुलपं!

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" अधिकारी कुलूपवाल्यावर खेकसला.

"सर म्हणाले, आत टाकाल."

"कुलपांसाठी? अहो, आमच्या फाटकाचंच कुलूप बिघडलंय. एक चांगलंसं काढा बघू!"

शिक्के धडाधड बसले. मावशीचाही बसला. सर पुढे सरकले, तसा अधिकाऱ्याने हात आडवा धरला.

"तुम्ही नाही. यांना तुम्ही पढवलं होतं. तुम्हाला कोणी पढवलं होतं?"

"ते... ऐन वेळी सुचलं."

"मग साहेब उद्या दुपारी येतील, त्यांच्यापुढे उत्तर बदला. तोवर हवा पालटा. इथे हवा भरपूर आहे."

सर बायकोकडे वळले. "तूही थांब. उद्या दोघं मिळून जाऊ. मी नवी योजना..."

मावशीने पोशाखाची घडी पुन्हा घातली. घाई केली नाही. मग दुसऱ्या पिशवीतून त्यांचा स्वेटर आणि कानटोपी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"कान झाका हो," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

बसने फाटक ओलांडलं, मागे नवंकोरं कुलूप खटकन लागलं. मावशीने मागच्या काचेतून पाहिलं. फाटकापलीकडे, आपल्याच बाजूने, दुसरी बस येऊन थांबत होती. उशीर झालेली. सकाळपर्यंत अडकलेली माणसं पोट धरून खाली उतरत होती. बाकावर कानटोपी घातलेले सर बसले होते. ती माणसं पाहून ते हळूच उठले. त्यांनी घसा खाकरला. हात वर केला.

"सर!" अधिकाऱ्याचा आवाज बंद काचेतूनही ऐकू आला. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सर मटकन खाली बसले. एका हाताची घडी घातली आणि दुसऱ्या हाताचं बोट बरोबर ओठांवर ठेवलं.

मावशी पुढे वळली. इतक्या वर्षांच्या संसारात सरांचं हे पहिलंच अचूक उत्तर होतं!