नकाशा कुणाचा, डोळे कुणाचे

अठरा वर्षं मी इस्फहानच्या या दवाखान्यात कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे, नकाशे काढते आहे आणि एकही चुकलेला नाही! माणसांचे चेहरे मी बघतच नाही. हनुवटी टेका, कपाळ चिकटवा, पापणी हलवू नका, संपलं! नकाशा हिरवा-निळा आला तर डोळा ठणठणीत. लाल डाग दिसला तर केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला. किती पुढे, त्यावरून पायरी ठरते, पहिली ते चौथी. असल्या डोळ्यावर चष्मा घालवायचं लेसर मारलं की डोळ्याचं वाटोळं!

त्या मंगळवारी मी तर्लानची फाइल उघडली. एकोणीस वर्षांची पोर, लेसरसाठी आलेली. तिच्यामागे लायसन्सच्या तपासणीला आलेले बसचालक नोसरत. दाराशी आमच्याकडचा नेहमीचा सोहळा सुरू झाला.

"आगा, आधी तुम्ही."

"छे छे, नंबर तुझा, बाळा!"

"तुम्ही वडीलधारे. मला लाज वाटेल!"

"अगं, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकतो, पण तू जा!"

"कुणीतरी एक या हो!" मी स्क्रीनवरची नजर न काढता ओरडले. आधी दोन डोळे आले, हिरवेगार. मग दोन आले, लालभडक. दोन्ही नकाशे मी फाइलींच्या क्रमाने डॉक्टरांकडे पाठवून दिले.

अर्ध्या तासानं नोसरत तणतणत दारात आले. "दुसरी पायरी म्हणे! डॉक्टर म्हणतात, बस सोडा! खानम, सव्वीस वर्षं यझ्दची बस हाकतोय मी!"

"आगा, नकाशा खोटं बोलत नाही."

"असं? मग ऐका!" दारातूनच त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ वाचली. तिच्याखालचा छापखान्याचा फोन नंबरही वाचला. तिथे नंबर आहे हे मला अठरा वर्षांत दिसलं नव्हतं!

मी खुर्चीतून उठले. "आगा, मघाशी आधी आत कोण आलं?"

"मीच! पोरीनं ऐकलंच नाही."

"आणि ती कुठाय?"

"वर! डोळे छान निघाले म्हणून लगेच लेसरला घेतलं."

मी धावत सुटले. तीन मजले! लिफ्टची वाट बघायला धीर कुणाला? मागे नोसरत धापा टाकत. ऑपरेशनच्या खोलीचं दार ढकललं तर तर्लान टेबलावर, डोळ्यांत थेंब घातलेले, डॉक्टर मशीनवर वाकलेले.

"थांबा! तो नकाशा बसवाल्यांचा आहे!"

डॉक्टर जागच्या जागी थिजले.

दोघांचे नकाशे पुन्हा काढले, या वेळी चेहरे बघून. दुसरी पायरी तर्लानचीच निघाली. "लेसर विसर, पोरी," डॉक्टर म्हणाले, "पण लवकर कळलं. रोग इथेच थोपवू." तर्लान रडली आणि बाहेर थांबलेल्या तिच्या आईनं आत येऊन मला घट्ट मिठी मारली.

"खानम, तुम्ही नसतात तर माझ्या लेकीचं काय झालं असतं!"

खरं सांगणारच होते, शपथ! पण तेवढ्यात तिनं गझ मिठाईचा अख्खा डबा माझ्या हातात कोंबला. पलीकडे नोसरत काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मी घाईघाईनं पहिला तुकडा त्यांच्याच तोंडात भरला. चांगला मोठा बघून!