बांधावरचा टर्मिनस

जगातला प्रत्येक माणूस आहे त्या जागेत समाधानी असतो. ती जागा शेजाऱ्याच्या बाजूला वीतभर वाढावी, एवढीच त्याची माफक इच्छा असते. सांबऱ्याच्या पलीकडच्या आमच्या गावात या इच्छेला बांध कोरणे म्हणतात. नांगरताना फाळ जरा बांधाकडे कलता ठेवायचा, बाकीचं ट्रॅक्टर बघतो. चौकशीअंती असं आढळतं की गावातल्या शंभर टक्के शेतकऱ्यांचे बांध शेजाऱ्यानं कोरलेले आहेत, आणि बांध कोरणारा शेतकरी मात्र एकही नाही. (सबब, आमच्याकडचे बांध आपले आपण चालतात, असंच मानावं लागतं.)

गुंडूआप्पा आणि जयाबाई यांच्यामधला बांध तर चालत चालत जयाबाईच्या विहिरीला टेकला होता. गुंडूआप्पा नात्यानं तिचा दीर. भला माणूस, काकड आरती कधी चुकवत नाही. यंदाची नांगरट झाली की विहीर त्याच्या रानात जाणार, आणि बेळगावच्या मार्केटला कोथिंबीर-मिरची पुरवणारा जयाबाईचा मळा वाळून जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे हळहळतही होते. (हळहळण्यात आमचं गाव तालुक्यात पहिलं आहे.)

अशात मारुतीच्या देवळात रचनाताईंचं कीर्तन झालं. ताई बेळगावात कॉलेजवर इतिहास शिकवतात, आणि गळा असा की पेटीवाल्यानं हात मांडीवर ठेवून नुसतं ऐकत बसावं. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आणि उत्तररंगात ताईंनी आख्यान लावलं ते थेट रोमचं. तिथं म्हणे टर्मिनस नावाचा देव होता. हात नाहीत, पाय नाहीत. शेताच्या हद्दीवर रोवलेला नुसता दगड. वर्षातून एकदा दोन्हीकडचे शेजारी आपापल्या बाजूनं त्याला हार घालत, मध वाहत आणि बांधावर एका पंगतीला जेवत. देवांचा राजा ज्युपिटर, त्याचं देऊळ बांधायला बाकीच्या देवांनी जागा सोडली. हा उठला नाही. आणि त्याचा दगड नांगरानं उखडणाऱ्याला बैलांसकट शाप.

"आक्का," गुंडूआप्पानं मधेच विचारलं, "टर्मिनस म्हंजे बस स्टँडचा देव काय ओ?"

"न्हाय आप्पा. बांधाचा."

गुंडूआप्पाचे टाळ तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर घेऊन रानात गेला, तर बांधावर शेंदूर फासलेला लांबोडा दगड उभा. त्यानं चपला काढल्या, नमस्कार केला आणि मग विचारलं, "वैनी, ह्यो कोण?"

"टर्मिनस. हलत न्हाय त्यो, भावजी."

"रोमचा देव हितं कसा आला गं?"

"सांबऱ्याला इमानतळ हाय की!"

देवावर नांगर घालणाऱ्यांतला गुंडूआप्पा नव्हे. त्यानं रीतसर देवस्थान समिती स्थापन केली आणि जवळचा भक्त या नात्यानं अध्यक्षपद स्वीकारलं. ठराव असे झाले: सदर देवाचा फलक मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, सारख्या उंचीच्या अक्षरांत असावा (देवाला दोन्ही येत नसल्यामुळे तो तटस्थ आहे). नैवेद्य दोन्ही बाजूंनी यावा. आणि ज्या देवाला पालखी नाही तो देव पोरका, सबब पालखी काढावी.

मेख तिसऱ्या ठरावात होती. "देव हलत न्हाय, मान्य," गुंडूआप्पा म्हणाला, "खरं गाव फिरून आल्यावर बसंल तिथं बसंल की!" तो कुठं बसेल, तेही समितीनं देवाच्या वतीनं ठरवून टाकलं: विहिरीच्या पलीकडे, जयाबाईच्या मळ्यात.

जयाबाई धावत ताईंकडे गेली आणि त्यांना समितीपुढं घेऊन आली. ताई म्हणाल्या, "रोममध्ये त्याला पालखीच नव्हती, आप्पा."

"मग बंदी बी नसणार," गुंडूआप्पा हात जोडून म्हणाला.

पालखी निघाली. हलगी, गुलाल, सगळं यथासांग. पुढच्या दांड्याला गुंडूआप्पाची माणसं, मागच्याला पदर खोचून जयाबाई आणि तिची भावकी. विहिरीपाशी आल्यावर पुढचे पुढं ओढू लागले, मागचे मागं. भजन एका तालात चालूच होतं. भक्तीचा असा जोर आमच्या गावानं पूर्वी पाहिला नव्हता. पालखी कलंडली आणि देव डुबुक करून विहिरीत गेला.

सगळे ताईंकडे बघायला लागले. "देव बसला तिथं हद्द," त्या म्हणाल्या. "आता हद्द विहिरीच्या मधोमध."

"म्हंजे अर्धी हीर माजी!" गुंडूआप्पाचा चेहरा उजळला.

"घ्या की भावजी," जयाबाई म्हणाली. "खरं आपल्या अर्ध्यातलंच पाणी काढा. माज्या अर्ध्यातला थेंब जरी आला, तरी ट्रॅक्टरसकट शाप हाय."

गुंडूआप्पानं पंप बसवला. पहिली बादली भरली आणि तिच्यात तो बराच वेळ बघत बसला. देवभीरू माणूस, कुठला थेंब कुणाचा, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. संध्याकाळी त्यानं पंप काढून नेला. मळा हिरवागार आहे. गुंडूआप्पा हल्ली दुसऱ्या बाजूच्या, भरमूच्या बांधाकडे लक्ष देतो. तिथं अजून देव बसलेला नाही.

तुम्हाला शेत नसेल, म्हणून तुम्ही हे निवांत वाचलंत. गुंडूआप्पाच्या जागी तुम्हाला खालच्या मजल्यावरचा शेजारी दिसला असणार, तोच, जिन्यात चपलांचा रॅक ठेवणारा. साहजिक आहे. ही कथा मी त्याला आधीच वाचायला दिली होती. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "हुबेहूब आमच्या वरच्या मजल्यावरचे!"