चार बोटांचे जाळे आणि विसाजीपंतांची अंगठी

श्रीजलदेवता प्रसन्न. दर्याच्या लाटा ज्याने जितक्या मोजल्या तितक्या खऱ्या मानाव्या, आणि ही हकीकतही तैसीच ऐकावी. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एका किनारी राज्यात ऐसे वर्तमान जाहले जे, माशांची पिले वाचावी म्हणोन सरकारांतून हुकूम सुटला: जाळियाच्या डोळ्यात, म्हणजे विणीच्या भोकात, दारोग्याची चार बोटे शिरावी, न शिरल्यास मोहोरबंद कागद करोन जाळे जाळावे, आणि मोजणी भर दर्यात, ओले जाळे ओढतेवेळी घ्यावी. तेव्हाचे दारोगे त्रिंबकपंत, अंगाने काडी. त्यांच्या बोटांचे माप घेवोन होडीचा म्होरक्या लडकू तांडेल आणि त्याची बायको आंबूबाय यांनी, होडी झावळ्यांनी शाकारोन ठेविली असता, पावसाचे दोन महिने ओटीवर बसोन नवे जाळे विणिले. जाळे एकच, आणि त्यावर सात माणसांची चूल. मग नारळी पौर्णिमा होवोन होड्या पाण्यात लोटल्या, आणि त्याच आठवड्यात त्रिंबकपंतांची बदली जाहली.

नवे दारोगे विसाजीपंत उतरले तेव्हा पालखीने हुश्श केले. एकेक बोट म्हणजे राजेळी केळे, आणि त्यात सरकारी मोहोरेची अंगठी रुतलेली. त्यांनी वाळूवरच्या जाळ्यात बोटे घातली, तों तीनच शिरली.

"जाळा!" पंत वदले.

लडकूने जाळे छातीशी कवटाळिले. "सरकार, माशाला काय ठाव, दारोगे बदलले त्ये?"

"हुकूम माशांस नाही, तुजला आहे."

मग आंबूबाय कमरेवर हात ठेवोन पुढे जाहली. "पंत, दर्यावर मोजायचं लिवलंय ना? मग बसा की होडीत. का भ्येव वाटतंय?"

चौघांदेखत भय कबूल करवेना, सबब पंत होडीत बसले, आणि होडी एका बाजूने कलंडत निघाली, आणि भर दर्यात वारा पडला तो तीन दिवस उठेना. पंतांनी पहिल्या दिवशी दुपारचे जेवण ओकिले, दुसऱ्या दिवशी लग्नातले, आणि तिसऱ्या दिवशी मुंजीतले. हाच माणूस आपले जाळे जाळणार हे ठाऊक असोनही लडकू त्यांस हाताने पेज पाजीत होता, आणि पंत मात्र दिसागणिक आटत होते. चवथ्या सकाळी वारा आला, जाळे ओढू लागले, मग पंतांनी मोजावयास हात पुढे केला, तों अंगठी बोटातून सुटोन जाळ्यात पडली. बांगडे माशांवर लखलखली, सगळे झेपावले, आणि ती एका डोळ्यातून निसटोन तळास गेली.

"अरे मेल्यांनो!" पंत किंचाळले, "एवढाले डोळे ठेविता कशास?"

लडकूने हात जोडिले. "सरकार, ह्येच कागदावर द्या."

पंतांनी दातओठ खाल्ले, मग बोटे घातली. चारही शिरली, आणि अंगठ्यास जागा उरली. तेथेच जाळे हुकुमाप्रमाणे असल्याचा कागद जाहला. मोहोर नव्हती, सबब तोच अंगठा उठविला. जाळे वाचले.

सारांश, लडकूने त्याच जागी त्या बोटांचे माप लाकडात कोरोन घेतले, आणि पुढे जाडे-बारीक कितीही दारोगे आले तरी मोजणी त्याच लाकडाने चालली. ही बोटे त्रिंबकपंतांची की विसाजीपंतांची, ऐसे कोणी पुसल्यास आंबूबाय सांगे, "चवथ्या दिवशीच्या विसाजीपंतांची."