जानरावांची लाल भिंत आणि हिरवा कापूस

मुंबईच्या पेढीचे बापूसाहेब आमच्या घरी उतरले, तर माझ्या भाऊजींच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधीच मांडून देतो. म्हणजे पुढं जे झालं त्यावर तुम्हांला मोकळ्या मनानं हसता येईल. कापसाचा पारखी ज्याच्या घरी उतरतो, त्याचा कापूस सगळ्यांच्या आधी पाहिला जातो, ही तर उघड जमा. शिवाय बाकीच्यांना आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याच दारात ताटकळावं लागतं, ही दुसरी. पण भाऊजींच्या मनात या दोहोंपेक्षा भारी रक्कम निराळीच होती. हे सारं समोरच्या ओट्यावर बसून आमचे शेजारी आणि कापसातले चढाओढवाले किसनराव यांना रोज उघड्या डोळ्यांनी पाहावं लागणार होतं! आणि खर्च? भाऊजींच्या मते काहीच नाही. एक खोली तेवढी रंगवायची!

ते दिवसच तसे होते. तिकडं अमेरिकेत गोऱ्यांची आपसात जुंपली, तिथला कापूस अडला, आणि इकडं आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अमरावतीत जो तो बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागला. आमच्या भाऊजींनी, म्हणजे जानरावांनी, बैलाच्या गळ्यात चांदीची घंटा बांधली. घंटा चोरीला जाऊ नये म्हणून बैलामागं एक गडी ठेवला, आणि गडी घंटा घेऊन पळू नये म्हणून त्याच्यामागं मला ठेवलं. मी त्यांचा साळा. साळ्याला पगार नसतो.

मागच्या हंगामात बापूसाहेब अकोल्याला एका घरी उतरले होते. का, तर त्या घरात झुंबर होतं! अकोल्याच्या झुंबराचं नाव निघालं की भाऊजींच्या मिशा पावसात भिजलेल्या झाडूसारख्या खाली येत.

"झुंबराचं काय घेऊन बसले साळेबुवा!" एके दिवशी ते गरजले. "असा दिवाणखाना करतो का पाहुणा एकदा बसला का उठाचं नावच घेणार नाई! अकोलेवाले पाहतच राहतीन!"

एलिचपूरहून नत्थुजी रंगारी आला. भाऊजींचा बेत साधा होता. एक भिंत निळी, एक पिवळी, एक जांभळी, एक पोपटी आणि वर छत शेंदरी. कोणत्याही रंगावर अन्याय नको! नत्थुजीनं मान डोलावली. रंगाचे पैसे रंगानुसार मिळत असल्यावर कोणता रंगारी नाही म्हणेल?

दोन भिंती झाल्या आणि समोरच्या ओट्यावरून किसनरावांची हाक आली, "जानराव, दिवाणखाना करून राहिले का पोळ्याचा बैल?"

भाऊजींनी दार लावून घेतलं. आतून माझी बहीण सुभद्राबाई आली. तिनं दोन्ही भिंती पाहिल्या, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"अवो, मले लुगडं घेता तवा पाच रंगांचं घेता का?"

"पाच रंगांचं कसं घेईन?"

"मंग खोलीनं काय पाप केलं? लुगड्याले एक अंग असते न एक काठ. लाल अंगाले हिरवाच काठ काहून असते? हिरवा जवळ बसला का लाल आपलं लालपण दाखवते. भांडखोर जावा जवळजवळ उभ्या केल्या का दोघीबी नटून येतात, तसं! खोलीले बी एक अंग द्या, एक काठ द्या, बाकी रंग सोडून द्या."

नत्थुजीच्या हातातला कुंचला पोपटी रंगाच्या मडक्यात पडला. त्यानं तो काढलाच नाही. नवा घेतला.

मग त्या खोलीचं जे झालं ते मला हिशेबात बसवता येत नाही, म्हणून नुसतं सांगतो. अंगणाच्या समोरची मोठी भिंत हिंगुळानं लाल केली, ओल्या कुंकवासारखी. बाकीच्या भिंतींना पांढरा चुना, गारगोटीनं घोटून घोटून असा गुळगुळीत केला की माशी बसली तर घसरावी. दारं, चौकटी आणि खांब विड्याच्या पानासारखे हिरवे. त्या हिरव्यातसुद्धा सागाच्या रेषा दिसू दिल्या. "लाकडाले लाकूड राहू द्या," बाई म्हणे. खाली बाळापूरची जाडीभरडी सतरंजी, कारण गुळगुळीत चुन्यापुढं खरबरीत सूत शोभून दिसतं. आणि प्रकाश! छतात एक झरोका पाडून घेतला, त्याच्याखाली कोनाड्यात एक चीर गेलेली पितळी परात चिंचेनं घासून तिरकी उभी केली. कणीक मळायला ती निकामी झाली होती, पण बाई घरातली कोणतीच वस्तू फेकत नाही. झरोक्यातलं ऊन परातीवर पडे, परातीवरून उडून लाल भिंतीवर जाई, आणि भिंत आतून कुणी दिवा लावल्यासारखी पेटे!

माझ्या तोंडून शब्द फुटेना. भाऊजींच्या तोंडून फुटले, पण ते अकोल्याच्या झुंबराबद्दल होते आणि लिहिण्यासारखे नाहीत.

बाईची अट एकच. "पाहुण्याची गादी लाल भिंतीले टेकून. तोंड अंगणाकडे."

"म्हंजे एवढी भिंत त्यानं पाहाची कशानं? पाठीनं?"

"येता-जाता पाहीन न! लाल भिंतीपुढं बसलेला माणूस राजावाणी दिसते. राजाले आपलं सिंहासन दिसते का? त्याच्या समोर कापूस येऊ द्या."

भाऊजी "बरं" म्हणाले. नवऱ्यांचं "बरं" किती पक्कं असतं, ते मी वेगळं सांगायला नको.

बापूसाहेब यायच्या दिवशी सकाळी बाई रोडग्यांच्या मागं चुलीपाशी अडकली, आणि भाऊजींनी मला खूण केली. "एवढा हिंगूळ ओतला, न पाहुण्याच्या पाठीले दाखवू? धरा टोक!" मी टोक धरलं. गादी फिरली. आता पाहुण्याच्या डोळ्यांसमोर भिंतच भिंत! आम्ही दोघं भिंतीकडं पाठ करून त्यांच्यासमोर बसणार होतो.

बापूसाहेब आले. किडकिडीत अंग, मुंबईची पगडी, आणि डोळे असे की चिमटीतला कापूस पाहून तो कोणत्या शिवारातला ते सांगावं. हे डोळे पेढीत प्रसिद्ध होते. ते गादीवर बसले आणि समोर पाहून त्यांचा पाण्याचा पेला हातातच राहिला.

"वा! वा जानराव! अहो, आमच्या मुंबईत शेटजींच्या बंगल्यातही असं काही नाही हो! ती भिंत म्हणू की सूर्यास्त?"

"बसा, पाहा, घाई नाई!" भाऊजी फुलले. बापूसाहेबांनी खरंच घाई केली नाही. अख्खा विडा चघळून होईपर्यंत ते भिंतीकडंच बघत राहिले. मग भाऊजींनी त्यांच्या हातात कापूस ठेवला.

बापूसाहेबांनी खाली पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"जानराव, रागावू नका. कापूस हिरवट आहे."

"हिरवट? माह्या कापसापुढं बगळा काळा दिसन, बापूसाहेब!"

"कच्ची बोंडं फोडली असावीत. चालायचंच."

मी पाहिलं. कापूस दुधासारखा पांढरा! भाऊजींनी दुसरा बोरा फोडला. तोवर बापूसाहेबांनी मन शांत करायला पुन्हा भिंतीकडं पाहिलं, मग कापसाकडं. "हाही हिरवा." तिसरा फोडला. तोही हिरवा!

"तुम्हीच इथं बसून पाहा," बापूसाहेब म्हणाले, आणि भाऊजी तणतणत त्यांच्या शेजारी गादीवर बसले. आता समोर आपली लाडकी भिंत असल्यावर माणूस आधी काय पाहील? डोळे भरून भिंत पाहिली, मग कापसाकडं वळले.

"साळेबुवा! हिरवा!!"

मी तो कापूस उचलून अंगणात नेला. पांढराशुभ्र! आत आणला. "हिरवा!" दोघं एकदम ओरडले. बाहेर पांढरा, आत हिरवा. उंबरठा ओलांडला की कापूस सरड्यासारखा रंग बदलू लागला!

ओट्यावरून किसनराव मला म्हणाले, "काहून बंडू, कापसाले हवा खाऊ घालून राहिला का?"

मी आत परतलो तर बापूसाहेब आपल्या धोतराकडं टक लावून बसले होते. चेहरा पार उतरलेला. त्यांनी मला खांबाआड ओढलं.

"अहो, कुणाला बोलू नका. धोतरही हिरवट दिसतंय. दोष कापसात नाही, माझ्या डोळ्यांत आहे! घरात खाणारी तोंडं पुष्कळ, आणि मिळवते म्हणाल तर हे दोन डोळे. पारख्याचे डोळे गेले, तर पेढी मला दारातसुद्धा उभं करायची नाही."

इतका वेळ मी मनातल्या मनात हसत होतो. ते हसू तिथंच थांबलं.

मी धावत जाऊन वैद्य वामनरावांना आणलं. वामनराव नाडी धरताना डोळे मिटून घेत, ही त्यांची ख्याती. पण गादीवर बसल्यावर समोर ती भिंत! त्यांनी नाडी धरली, पण डोळे काही मिटवेनात. बराच वेळ भिंत पाहून झाल्यावर त्यांनी बापूसाहेबांच्या डोळ्यांची पापणी वर केली आणि एकदम उठून उभे राहिले.

"हलीमक!"

"म्हणजे?" बापूसाहेबांचा आवाज फाटला.

"कावीळ वाढून हिरवी पडली की तिला हलीमक म्हणतात! ग्रंथात वाचला होता, तुमच्या कृपेनं आज पाहिला!" वामनरावांना आनंद लपवता येईना. त्यांनी भाऊजींकडं पाहिलं. "तुम्हांलाही झाला!" मग माझ्याकडं. "तुम्हांलाही!" मग घाम पुसायला स्वतःचं पांढरं उपरणं उचललं, त्याकडं पाहिलं, आणि आवाज बारीक झाला, "मलाही?"

दारातल्या गड्यानं एवढंच ऐकलं आणि तो चांदीच्या घंटेला विसरून पळाला. तो चौकात पोहोचेपर्यंत जानरावांच्या घरची माणसं हिरवी झाली होती, आणि बाजारात पोहोचेपर्यंत त्यांना पानं फुटली होती! आमच्या दारात थांबलेल्या कापसाच्या गाड्या भराभर वळल्या आणि समोर किसनरावांच्या ओट्याला जाऊन लागल्या. किसनरावांनी कुणाला बोलावलं नाही, अडवलंही नाही. नुसते सरकून बसले.

इकडं वैद्यांनी कुटकी आणि कडुनिंबाचा काढा साऱ्या घरासाठी उकळायला सांगितला. निरोप चुलीपाशी गेला. थोड्या वेळानं सुभद्राबाई हातात पळी घेऊन दारात उभी.

"काढा उकळून राहिला. कोण हिरवं झालं?"

"समदेच वं!" भाऊजी गादीवर आडवे पडले होते.

बाईनं भाऊजींकडं पाहिलं, बापूसाहेबांकडं पाहिलं, मग गादीकडं पाहिलं.

"गादी कोनं फिरवली?"

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, मी परातीकडं.

"दिवसभर लाल लुगड्यावर टाके घाला," बाई म्हणाली, "अन् मंग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. हिरवं दिसते. अमरावतीतल्या कोण्याबी बाईले इचारा! लाल रंग पोटभर डोळ्यात भरला, का डोळा त्याले हिरवा काठ आपला आपणच लावते. रोग नाई न काई नाई. फिरवा गादी!"

आम्ही गादी फिरवली. बापूसाहेब अंगणाकडं तोंड करून बसले, डोळे मिटून घेतले. मग भीत भीत उघडले. मी त्यांच्या तळहातावर कापूस ठेवला.

"पांढरा," ते म्हणाले. मग धोतराकडं पाहून, "पांढरं!" मग भाऊजींच्या दातांकडं पाहून, "तुमचे मात्र पिवळे आहेत हो जानराव!" आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

उठून त्यांनी बाईला हात जोडले. "वहिनी, डोळ्यांना असं फसवणारी खोली करायला डोळ्यांची केवढी पारख लागते, ते मला विचारा. मी नुसता कापसाचा पारखी. हा हंगाम मी इथंच उतरणार. अकोल्याचं झुंबर अकोल्याला!"

भाऊजींच्या मिशा ताडकन वर गेल्या. किसनरावांना दिसावं म्हणून त्यांनी दार सताड उघडलं.

"मात्र," बापूसाहेब म्हणाले, "कापूस या खोलीत आणायचा नाही. गादी कशीही फिरवा, माझी मान त्या भिंतीकडं वळल्याशिवाय राहायची नाही. पारख करायला जागा अशी हवी, की जिथं बघण्यासारखं काही म्हणता काही नाही!"

सगळ्यांच्या नजरा उघड्या दारातून एकाच वेळी पलीकडं गेल्या. किसनरावांचा तो मातीचा ओटा! राखेच्या रंगाचा, बापजन्मात चुना न लागलेला, आणि पुढं कापसाच्या गाड्या आधीच ओळीनं उभ्या!

"या न बापूसाहेब!" किसनराव उठून उभे राहिले. "माह्या घरी पाहासारखं काईच नाई!"

तेव्हा आता शेवटची बेरीज. हंगामभर बापूसाहेब झोपले भाऊजींच्या घरी, जेवले बाईच्या हातचं आणि रोज सकाळी गल्ली ओलांडून बसले किसनरावांच्या ओट्यावर. पहिला कापूस पाहिला तो किसनरावांचा. संध्याकाळी समया लागल्या की गावातल्या बायका बाईचा दिवाणखाना पाहायला येत आणि नुसत्या उभ्या राहत. अकोल्याच्या झुंबरवाल्यांनी नत्थुजीला बोलावणं धाडलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे, "सुभद्राबाई येतीन तर येतो." म्हणजे नाव झालं बाईचं, नफा किसनरावांचा, आणि हिंगूळ भाऊजींचा.

राहिला तो साऱ्या घरासाठी उकळलेला काढा. बापूसाहेब पाहुणे, वैद्यबुवा उपरणं टाकून पळालेले, भाऊजी दार लावून बसलेले. आणि बाई घरातली कोणतीच वस्तू फेकत नाही, हे मी मघाशी सांगितलंच आहे. कुटकी फार कडू असते हो!